बिनगाण्याची मोट

माझा बा मोटेवर गायचा त्याला वाशीमच्या एका शिकल्या-सवरल्या माणसाने "हे ओरडणं" म्हटलं होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तो माणूस गेला, बा गेला, मोटाही गेल्या. पण तो शब्द आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आधी ते ओरडणं म्हणजे काय होतं ते सांगते, मग बाकीचं.

आम्ही माळी. आसेगावच्या वाटेवर नाल्याकाठी आमचा मळा होता. वांगी, मिरची, कांदा, मेथी, पालक, असलं सगळं काढायचं आणि मंगरूळच्या बाजारात न्यायचं. पाणी विहिरीचं. विहिरीवर लाकडी चाक, चाकावरून जाड दोर, दोराला चामड्याची मोट. विहिरीपासून खाली उतार केलेला असायचा, त्याला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली उतरले की भरलेली मोट वर यायची, पाणी पाटात पडायचं. मग बैलांनी उलट्या पावलांनी मागे वर यायचं आणि रिकामी मोट पुन्हा खाली जायची. दिवस उगवायच्या आधीपासून ऊन चढेपर्यंत हेच.

बैल उतरायला लागले की बा ताणलेल्या दोरावर बसायचा आणि एक कडवं म्हणायचा. कडव्याचा शेवटचा शब्द तो लांबवायचा. तो शब्द कानावर आला की बैल आपोआप थांबत, मागे सरायला लागत. त्यांना हाकावं लागत नसे, मारावं तर कधीच नाही. वासरं होती तेव्हापासून त्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

मी मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाटावर फावडं घेऊन उभी. तिथून मला ना बा दिसे ना बैल. मी कडवी मोजायची. वांग्याच्या वाफ्याला चार कडव्यांचं पाणी, कांद्याला तीन, मेथी-पालकाला दोन. चौथं कडवं संपलं की हा वाफा बंद करायचा आणि पुढचा फोडायचा. आमच्याकडे घड्याळ नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नाही. आमच्या घरातली कोणतीही बाई सांगू शकली असती की मिरचीचं एक झाड किती कडवी पाणी पितं.

आणि शब्द? शब्द आमचे होते, आमच्या बोलीतले.

धाव रे माह्या काया बैला, पाताळातलं पानी आन,
वांग्याच्या फुलाले तान लागली, मिरचीची गेली जान.

हे बाच्या बापाने रचलेलं. त्याच्या आधीचं एक होतं, ते मला सगळ्यांत आवडायचं.

आज्यानं खंदली, आजीनं उपसली, सात परसाची हिर,
दगडाले घाम फुटला बाई, तवा लागलं नीर.

ती आजी म्हणजे माझ्या बाची पणजी. सात पुरुष खोल ती विहीर खणताना निघालेले दगड तिने डोक्यावरून वाहिले. आमच्या वंशाचा कागद कुठल्या भाटाकडे नव्हता, देवळाच्या दगडावर आमचं नाव कोणी कोरलं नव्हतं. कोण कुठून आलं, कोणी काय लावलं, कोणत्या साली पाणी आटलं, हे सगळं त्या कडव्यांत होतं. नाल्याकाठी पाच-सहा विहिरी होत्या आणि प्रत्येक विहिरीची चाल वेगळी. आंधळ्या माणसानेही सांगितलं असतं, ही अमक्याची मोट चालू झाली म्हणून. आता त्याला लोकगीत म्हणतात आणि त्यावर भाषणं देतात. द्या बापडे. त्या वेळी त्याला कोणी गाणंसुद्धा म्हणत नव्हतं.

तर माझ्या लग्नाचं वय झालं आणि वाशीमहून स्थळ आलं. मुलाचा बाप मूळचा कामरगावचा, आता वाशीमला कचेरीत कारकून होता. आमच्याच जातीचा, मुलगा सात इयत्ता पास, त्यालाही पुढेमागे कचेरीत चिकटवायचा होता. घर कौलारू, दाराशी बैल नाही, शेण नाही.

खरं सांगायचं तर मला ते स्थळ हवं होतं. माझ्या हातांना बारा महिने भेगा असत. थंडीत पहाटे मेथीच्या जुड्या बांधताना त्या भेगांतून रक्त यायचं. बाजारात मी एकदा कुणा साहेबाच्या घरची मुलगी भाजी घेताना पाहिली होती. तिची नखं स्वच्छ होती. कितीतरी दिवस मला ती नखंच दिसत होती. कारकुनाच्या घरी गेले की माझीही तशी होतील, एवढं माझं स्वप्न होतं. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

कारकून पहिल्यांदा आला तो एकटाच. कोट, काळी टोपी, हातात छत्री. लिंबाखाली बाजेवर बसला. बा मोटेवर होता, त्याला कळायला वेळ लागला, तोवर दोन-तीन कडवी होऊन गेली. पाहुण्याने मला पाहिलं, चार प्रश्न विचारले, मान हलवली. बा घाम पुसत येऊन समोर बसला तेव्हा पाहुणा म्हणाला, "मुलगी पसंत आहे. पण एक विचारतो. हे ओरडणं रोज असतं का?"

बाला आधी कळलंच नाही. "कायचं ओरडनं?"

"हेच. मोटेवरचं. चौथ्या दिवशी मी सुपारी घेऊन येईन. बरोबर माझे कचेरीतले दोघे असतील, मोठी माणसं आहेत. त्यांच्या कानावर असलं गावंढळ गाणं, तेही असल्या भाषेत, पडलं तर माझी काय शोभा राहील? आपल्या लोकांनी आता सुधारायला नको का? तेव्हा हे बंद करा. आणि चौथ्या दिवसापुरतं नव्हे. उद्या सोयरीक झाल्यावर माझी माणसं इथे येत-जात राहतील."

बाने तोंडात मिठाची गुळणी धरली. माझी माय मात्र चुलीजवळून सगळं ऐकत होती. पाहुणा वाटेला लागल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "कामरगावाले याच्या बापानं काय केलं जलमभर? मोटच हाकली ना? कोट घातला म्हून बाप बदलते का मानसाचा?"

आणि मग मी जे केलं ते मला लिहायलाच हवं. संध्याकाळी तो बैलांना कडबा टाकत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि म्हटलं, "बा, नोको गाऊ ना आता. सुपारी होऊ दे. मंग गा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "चार दिवस काय अन् कायमचं काय," तो म्हणाला, "तुह्यं बरं होत असन तं नाई गात."

मी खूश झाले. हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाने बैल जुंपले आणि तोंड मिटून दोरावर बसायला गेला. बैल हललेच नाहीत. धावेच्या वरच्या टोकाला दोघे उभे, आणि त्यांतला म्हातारा काळा बैल मान मागे वळवून बाकडे पाहत राहिला. बाने शेपटी पिरगाळली, टिचक्या मारल्या, शेवटी काठी उचलली. बैल उतरले, पण खाली कुठे थांबायचं ते त्यांना कळेना. कधी मोट विहिरीच्या तोंडाशी येऊन अडायची आणि अर्धं पाणी परत आत पडायचं, कधी मोट चाकावर आदळायची. त्या दिवशी मी माझ्या बाला पहिल्यांदा बैलाला मारताना पाहिलं.

मी पाटावर उभी आणि माझ्या हातात मोजायला काही नाही. किती मोटा झाल्या, किती राहिल्या? कांद्याचा वाफा भरून फुटला, वांग्याला घोटभरही पाणी पोचलं नाही. दुपारी माय वाफ्यांतून फिरली आणि कपाळाला हात लावून बसली.

"सुतकात हाकतेत तशी मोट हाकून राह्यले तुमी," ती बाला म्हणाली. "डोयानं पाहवत नाई मले."

हे तिने उगीच म्हटलं नव्हतं. आमच्या नाल्याकाठी तशी रीत होती. घरात माणूस गेलं तरी झाडांना सुतक कळत नाही, त्यांना पाणी लागतंच; म्हणून दहा दिवस मोट चालायची, पण बिनगाण्याची. कोणीतरी भाऊबंद येऊन मुकाट्याने हाकून द्यायचा. नुसतं चाक करकरतंय आणि गाणं नाही, असं कानावर आलं की माणसं हातातलं काम ठेवून म्हणत, अरे, त्यांच्याकडे कोणी गेलं वाटतं.

आम्हाला ही रीत माहीत होती. तरी आमच्या डोक्यात आलं नाही की आपलंही चाक तीन दिवस तसंच करकरतंय आणि नाल्यापलीकडे ऐकणारे कान आहेत.

नाल्यापलीकडे बाची चुलत बहीण राहायची, माझी आत्या. तिच्या घरी आणि आमच्या घरी बोलणं बंद होतं. तिची गाय आमच्या मेथीत शिरली होती, त्यावरून पावसाळ्यात जे भांडण झालं ते माघ संपत आला तरी मिटलं नव्हतं. तोंड दिसलं तर ती पदर ओढून घ्यायची.

चौथा दिवस उजाडला. मायने अंगण सारवलं, पोहे भिजवले. बाने पाहुणे दिसेपर्यंत मोट हाकली, मग बैल तसेच जुंपलेले धावेवर उभे ठेवून हातपाय धुऊन धुवट धोतर नेसून आला. कारकून आणि त्याचे दोघे सोबती सतरंजीवर बसले. सुपारी ताटात ठेवली होती. मला मायचं चांगलं लुगडं घडी मोडून नेसवलं होतं आणि मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन दाराशी उभी होते. बा कारकुनाला विचारत होता, वाशीमला यंदा पाणी कसं आहे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

एवढ्यात नाल्याच्या बाजूने टाहो ऐकू आला.

"माह्या भावा रे! कुठी गेला रे मले टाकून!"

आवाज आत्याचा होता. तो जवळ येत गेला आणि शब्द स्पष्ट होत गेले.

"सकायच्या पारी तुह्या गान्यावर माह्यी चूल पेटे रे भावा! आता मी कोनाच्या गान्यावर उठू? अशी जीभ आता कोनाले देईन रे देव! गाईपायी भांडली मी, मले काय मालूम तू असा जाशीन! अन् या घरच्याईनं मले निरोपबी नाई देल्ला वं माय! येवढी का मी परकी झाली!"

बा पाहुण्याला द्यायला घेतलेली पोह्यांची ताटली हातात धरून ऐकत होता. स्वतःसाठी मांडलेला आकांत किती जणांना ऐकायला मिळतो? त्याच्या तोंडावर काय होतं ते मला अजून दिसतं. आधी गोंधळ, मग हसू येता येता थांबलं, आणि मग त्याचे डोळे भरले. त्याने ताटली खाली ठेवली.

आत्या केस मोकळे सोडून छाती बडवत अंगणात आली. तिच्यामागे दोन सुना, डोक्यावर टोपल्या. टोपल्यांत भाकरी आणि बेसन. ज्या घरात माणूस जातं त्या घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजार असं अन्न घेऊन जातं. दारात पाय ठेवून तिने मान वर केली आणि समोर बाला बसलेला पाहिला.

तिचा टाहो मध्येच तुटला.

"तू तं जित्ता हायेस!"

"हाये," बा म्हणाला.

"मंग मोट काहून मुकी व्हती तीन दिवस?" ती एकदम चिडली. रडून लाल झालेलं तोंड आता रागाने लाल झालं. "मी रातभर डोयाले डोया लावला नाई! सुनाईले पहाटे उठवून भाकरी थापल्या! काहून नाई गायला तू?"

बाने खाली पाहिलं. मी खाली पाहिलं. उत्तर दिलं ते मायने, आणि तिने ते पाहुण्यांकडे बघून दिलं.

"पाहुन्याईले गानं आवडत नाई."

आत्याने कारकुनाला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "हा तं कामरगावचा," ती म्हणाली. "याचा बाप काय गाये! माह्या मामाचं घर त्याच वाटेवर हाये. बाजाराले जानारे थांबत त्याच्या हिरीपाशी. अन् याले गानं आवडत नाई?"

बरोबरचे दोघे एकमेकांकडे पाहायला लागले. कारकुनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपला बाप मोट हाकायचा हे त्याने कचेरीत कधी सांगितलं नसावं. तो उठला, पुन्हा बसला, टोपी नीट केली. मग बाला म्हणाला, "हा तमाशा मी विसरायला तयार आहे. मुलगी चांगली आहे. पण आज या दोघांच्या समोर मला शब्द द्या, की या मळ्यात ते गाणं पुन्हा व्हायचं नाही. कधीच नाही. नाहीतर मी ही सुपारी घेऊन जातो, आणि वाशीममध्ये आपल्या जातीत या मुलीला दुसरं घर कसं मिळतं ते बघू."

बा मान वळवून माझ्याकडे पाहायला लागला.

"पोरी," तो म्हणाला, "तू म्हनली म्हून म्या बंद केलं. आताबी तूच सांग. तू म्हनशीन तसा शब्द देतो मी. माह्यं काही नाई."

"माह्यं काही नाई" म्हणताना त्याचा आवाज असा आला की जणू आत्या खरंच त्याच्या मयतालाच आली होती. माझ्या हातात त्या ताटल्या. माझी भेगाळलेली बोटं मला दिसत होती. ती स्वच्छ नखं मला हवी होती, देवाशपथ हवी होती. आणि त्याच वेळी मला कळलं की मी काय मागितलं होतं. मी माझ्या जिवंत बापाच्या दारात मयताची भाकर आणवली होती. कारकुनाने नाही. तो दोन घटका बसून गेला होता. तांब्या घेऊन गोठ्यात मी गेले होते.

आणि मग मला राग आला. आधी स्वतःचा, आणि मग त्या टोपीचा, त्या छत्रीचा, "असल्या भाषेत" म्हणणाऱ्या त्या तोंडाचा. माझ्या बाच्या पणजीने दगड वाहिलेत म्हणून तुला या अंगणात प्यायला पाणी मिळालं, आणि तिचं नाव घ्यायची तुला लाज वाटते? हे मी बोलले नाही. थोरल्या माणसांत मुलीने तोंड उघडायचं नसतं, एवढं मला शिकवलेलं होतं. पण मी ताटल्या खाली ठेवल्या आणि बाला उत्तर दिलं. ते त्याने विचारलं होतं, त्यामुळे तेवढा मला हक्क होता.

"बा, तू जित्ता हायेस," मी म्हटलं. "बैल कवाचे जुंपून उभे हायेत. जाय. आत्याले ऐकू दे."

बा उठला. पाहुण्यांसमोर धोतराचा काचा मारला आणि विहिरीकडे चालू लागला. कारकून "अहो, अहो" म्हणत राहिला. बाने वळून पाहिलं नाही.

पहिलं कडवं सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज फाटला. दुसऱ्याला जागेवर आला. त्याला त्या दिवशी इतका चेव चढला होता की त्याने एकही कडवं गाळलं नाही, आणि पाटावर कोणी नसल्यामुळे पाणी वाटेल तिकडे गेलं. मग मी मायचं ते चांगलं लुगडं खोचून फावडं घेऊन पळाले. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून मी मोजायला लागले.

पाहुणे कधी गेले ते मी पाहिलं नाही. सुपारी नेली, पोहे मात्र खाऊन गेले, असं माय नंतर सांगायची. आत्याची भाकर माघारी नेता येत नव्हती. तसं अन्न परत घरात घेत नाहीत. म्हणून ऊन चढल्यावर आम्ही सगळ्यांनी ती विहिरीपाशी बसून खाल्ली. बा आपल्याच मयताची भाकर चवीने खात होता आणि आत्या त्याला घासाघासाला शिव्या देत होती. गाईचं भांडण तिथेच संपलं.

कारकुनाने आपला शब्द खरा केला. दोन वर्षं मला एकही स्थळ आलं नाही. शेवटी इंझोरीकडच्या एका माळ्याच्या घरी दिली, मोट असलेल्या घरी. माझ्या हातांच्या भेगा कधी बुजल्या नाहीत. बाजारात, लग्नात, जातीच्या बैठकीत लोक बाला बोल लावत: गाण्याच्या खुळापायी या माणसाने चांगलं स्थळ घालवलं, पोरीचं वाटोळं केलं. बा ऐकून घ्यायचा. मरेपर्यंत त्याने कोणाला खरं सांगितलं नाही.

म्हणून मी सांगते. बाचं गाणं बंद पाडलं ते मी, आणि ते स्थळ मोडलं तेही मीच. पहिल्याची लाज मला अजून वाटते. दुसऱ्याची एक दिवसही वाटली नाही.